भाव चढतो, वेग उतरतो

आमच्या मंडळाच्या दिवाळी अंकाचे संपादक घरी आले आणि म्हणाले, "काकू, यंदा शेअर बाजारातून श्रीमंत कसं व्हायचं यावर लिहा." मी म्हटलं, बाबा, ते मला माहीत असतं तर तुझ्यासाठी चहा मी केला असता का, करायला बाई असती. श्रीमंतीचं मला काही विचारू नका. मी भिलाईतल्या लोकांना शेअर घेऊन दिले, विकून दिले आणि त्यासाठी वर्षानुवर्षं ग्राफपेपरवर रेषा ओढल्या. त्या रेषांबद्दल विचाराल तर सांगते.

लग्न होऊन मी वर्ध्याहून इथे आले ती बी.एस्सी.चं गणित घेऊन. आमचे हे इथल्या पोलादाच्या प्लांटच्या हिशोब खात्यात क्लार्क. गणिताचा उपयोग काय, तर दूधवाल्याची चूक काढणं. मग मी पोस्टाच्या आवर्ती ठेवीची एजंट झाले. सेक्टरमधल्या क्वार्टरच्या रांगा पायी तुडवायच्या, दारोदारी पैसे गोळा करायचे, पोस्टात भरायचे. त्यातून लोकांचा विश्वास बसला. पुढे नव्या कंपन्यांचे शेअर निघू लागले, तेव्हा तेच लोक विचारू लागले, "वैनी, ह्याचा फॉर्म कसा भराचा?" नागपूरच्या एका दलालाने मला आपलं इथलं माणूस नेमलं आणि आमच्या क्वार्टरची पुढची खोली बाजार झाली. बाजार म्हणजे एक जेवणाचं टेबल, चार खुर्च्या आणि भिंतीला खळीने चिकटवलेले ग्राफपेपर.

आताच्या पोरांना मोबाईलवर भाव क्षणाक्षणाला नाचताना दिसतात. आमचा भाव गाडीने यायचा. मुंबईचा पेपर इथे पोचेपर्यंत शिळा झालेला असे. तो उघडायचा, भाव बघायचा, निळ्या पेन्सिलीने ग्राफपेपरवर ठिपका द्यायचा आणि कालच्या ठिपक्याला जोडायचा. झाली भावाची रेष. ही रेष कोणालाही काढता येते. माझा खरा धंदा तिच्या खालच्या लाल रेषेचा.

लाल रेष अशी काढायची. आजचा भाव घ्या. त्यातून दहा दिवसांपूर्वीचा भाव वजा करा. उरेल तो आकडा शून्याच्या वर किंवा खाली मांडा. बस. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. भाव किती आहे हे निळी रेष सांगते. तो किती जोरात चाललाय हे लाल. मोठ्या पुस्तकांत ह्याला मोमेंटम म्हणतात आणि त्याची आणखी चार-पाच अवघड भावंडंही आहेत, पण कॅल्क्युलेटर घेऊन दुपारभर बसणाऱ्या बाईला हे एक पुरे होतं.

लोकांना समजवायला मी सायकल वापरायची. भिलाईत त्या काळी सायकल सगळ्यांकडे. म्हणायची, रेल्वे लायनीवरच्या पुलावर चढताना पैडल मारणं थांबवलं तर सायकल लगेच मागे येते का? नाही. थोडी चढतेच. पण हळू होत होत चढते. खालून पाहणाऱ्याला वाटतं, अरे वा, अजून वर चालली. बसलेल्याला मात्र पायात कळतं की आता ही थांबणार. भाव म्हणजे पुलावरची उंची आणि लाल रेष म्हणजे सायकलचा वेग. भाव नवा उच्चांक करतो आणि लाल रेष मात्र मागच्या वेळेइतकी वर जात नाही, तेव्हा समजायचं की पैडल थांबलंय. उलट, भाव खाली खाली जातोय पण लाल रेष वर वळायला लागली, तर घेण्याची संधी जवळ आली असेल. असेल म्हणते, आहे म्हणत नाही. ही रेष कधी फार लवकर ओरडते, कधी उगाच ओरडते. हे मी प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगायची आणि प्रत्येक जण ते घरी पोचेपर्यंत विसरायचा.

आमचे हे पाहुण्यांना सांगायचे, "आमची ही लोकांच्या पैशाला थर्मामीटर लावून राहिली." सेक्टरमधली एक आजी तर भिंतीवरचे कागद बघून नातीची पत्रिका घेऊन आली. मी म्हटलं, आजी, ह्यात फक्त कंपन्यांचे ग्रह आहेत. ती म्हणाली, मग एखाद्या चांगल्या कंपनीतला मुलगा सांग. एक अधिकारी साहेब होते, ते माझी पद्धत बघून गेले आणि ऑफिसात स्वतःचे तक्ते काढू लागले. माझ्यापेक्षा सुबक, रंगीत शाईत. एकदा घामाघूम होऊन आले, त्यांची लाल रेष कागदाबाहेर कोसळली होती. कंपनीने एकास एक बोनस दिला होता, त्यामुळे भाव अर्धा झाला होता आणि शेअर दुप्पट; नुकसान काहीच नव्हतं. साहेब बराच वेळ हसले आणि दोन कप चहा पिऊन गेले. अशी मजा रोज चाले.

पण मला सांगायचंय ते निखाडेभाऊंचं. नावं बदलली आहेत, एवढं समजून घ्या.

आमच्याच गल्लीतले निखाडेभाऊ भंडाऱ्याकडचे. घरची धानाची शेती भावाकडे सोडून प्लांट नवा होता तेव्हा इथे आले आणि प्लांटच्या रोलिंग मिलमध्ये लागले. उंच, काळेसावळे, बोलणं कमी. मिलमध्ये त्यांच्या हाताखाली सात-आठ जणांची गँग. ह्या गँगची आधी भिशी होती. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की भिशीऐवजी एकाच कंपनीचे शेअर घ्यायचे. खताची एक कंपनी होती, तिचे शेअर मीच त्यांना घेऊन दिले. सगळ्यांकडे सारखे.

आणि त्यांनी स्वतःच एक नियम केला. तो नियम मिलमधला होता. प्लांट रात्रंदिवस चालतो. शिफ्ट संपली तरी पुढच्या शिफ्टचा माणूस, म्हणजे रिलीव्हर, आल्याशिवाय तुम्ही जागा सोडू शकत नाही. घरी लेकरू आजारी असो की पाहुणे बसलेले असोत, जागा रिकामी ठेवायची नाही. तेच ह्यांनी शेअरला लावलं. बाहेर कोणी विकायचं नाही. कोणाला गरज पडली तर गँगमधल्याच दुसऱ्याने त्या दिवसाच्या भावाने त्याचे शेअर घ्यायचे. मी म्हटलं, भाऊ, बाजार म्हणजे मिल नाही, तिथे जागा सोडून पळावंच लागतं. भाऊ म्हणाले, "पळाचं असते त गँग कायले केली, ताई?" माझी दलाली बुडणार होती त्याचं थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

शेअर चढला. चढतच गेला. ती वर्षंच तशी होती, पानठेल्यावरसुद्धा लोक कंपन्यांची नावं घ्यायचे. गँगवाले शिफ्ट सुटली की सायकली माझ्या फाटकाला टेकवायचे आणि खिडकीतूनच विचारायचे, "ताई, आज किती?"

अशातच भाऊंची निवृत्ती जवळ आली. बाहेरच्या वाचकांना सांगायला हवं की आमच्याकडे निवृत्ती म्हणजे घर जाणं. क्वार्टर प्लांटचं, नोकरी संपली की ते सोडावं लागतं. ज्या अंगणात आयुष्य काढलं, आंबा लावला, त्याची किल्ली देऊन टाकायची. भाऊंनी भिलाईला लागूनच रिसालीला एक प्लॉट घेऊन ठेवला होता, पायाही भरलेला होता. फंडाचा पैसा दोन मुलींच्या लग्नांत बराचसा उचलून झाला होता. उरलेलं घर उभं राहणार होतं ते ह्या शेअरवर. भाऊंकडे दुसरं काही नव्हतं.

एका दुपारी ते एकटेच आले. टेबलाशी बसले आणि म्हणाले, "ताई, आता मले जागा सोडा लागते. रिलीव्हर भेटला. पटले घेतो म्हणते."

हेमराज पटले म्हणजे गँगमधला सगळ्यात उत्साही माणूस. गोंदियाकडचा. भाऊंनीच त्याला काम शिकवलेलं. त्याचं लग्न भाऊंनी जमवलं, त्याच्या मुलाचं बारसं भाऊंच्या क्वार्टरमध्ये झालं. तो प्लांटच्या पतसोसायटीचं कर्ज काढून भाऊंचे सगळे शेअर घ्यायला तयार होता.

मी भिंतीवरचा कागद काढून टेबलावर पसरला. निळी रेष आजवरच्या सगळ्यात उंच जागी होती. तिच्या खालची लाल रेष मागच्या उंचीच्या निम्म्यावर येऊन वळली होती. त्याआधीच्या वेळेलाही ती कमीच भरली होती. मी भाऊंना बोटाने दोन्ही शिखरं दाखवली. सायकल पुन्हा सांगायची गरज पडली नाही.

भाऊंनी कागद स्वतःकडे ओढून घेतला. मग म्हणाले, "हे चुकते का कधी?"

"चुकते, भाऊ. कितीक वेळा चुकते. आणखी दोन महिने भाव चढू शकते. नाही बी चढणार."

"पण तुमचे असते त तुम्ही काय केलं असतं?"

"विकले असते. बाजारात. आजच."

"अन् हेमराजले?"

मी म्हटलं, "हेमराजले मी नसते देल्ले."

भाऊंनी चहा संपवला, कप आत नेऊन मोरीत ठेवला, त्यांची ती सवयच होती, आणि गेले. मला खरंच वाटलं नव्हतं की ते काही करतील. नियम त्यांचा, रिलीव्हर त्यांचा, गरज त्यांची आणि भाव सगळ्यात वर. कोणीही सही करून मोकळं झालं असतं.

दोन दिवसांनी दोघं आले. पटलेने शेअर नावावर करायचा छापील फॉर्मही आणला होता, त्यावर मुद्रांकाची तिकिटंसुद्धा लावली होती. स्वारी खुशीत होती. "ताई, पेढे आणतो, पह्यले सही होऊ द्या." मी त्यालाही कागद दाखवला. सायकल सांगितली. तो हसला. "काय ताई, भाव त चढून राहिला अन् तुम्ही म्हणता थांबला. वर जाऊन राहिला ते दिसते ना!" दिसत होतंच. त्याचं चूक नव्हतं.

मी फॉर्म भाऊंच्या पुढे सरकवला. भाऊंनी पेन उघडलं. मग टोपण लावलं आणि पेन खिशात टाकलं.

"नाही देत मी," ते म्हणाले.

पटलेला आधी गंमत वाटली. "कावून जी भाऊ?"

"नाही द्याचे."

"अरे पण कर्ज मंजूर झालं ना माहं! भाव कमी वाटून राहिला का तुमाले? दोन रुपये जास्त घ्या."

"दहा देल्ले तरी नाही द्याचे, हेमराज."

पटलेचा चेहरा उतरला. त्याने फॉर्म घडी करून खिशात घातला, मला नमस्कार केला, भाऊंना केला नाही. फाटक आपटून गेला. मी म्हटलं, भाऊ, नीट समजावून तरी सांगायचं. ते म्हणाले, "तुम्ही एवढं समजवलं, समजला का? मी सांगतलं त तो म्हणेन, बरं भाऊ, तुमचे राहू द्या, मी बाजारातून घेतो. कर्ज त हातात आहेच त्याच्या."

पुढच्या आठवड्यात भाऊंनी माझ्यामार्फत सगळे शेअर बाजारात विकले. गँगचा नियम मोडून. तोवर भाव आणखी थोडा चढला होता, म्हणजे पटले देत होता त्याहून त्यांना जास्तच मिळाले. आणि गँगने हिशोब जुळवला, तो जुळणारच होता. म्हाताऱ्याने घरच्या माणसाला नाही म्हटलं आणि दोन पैसे जास्त मिळतात म्हणून बाहेर विकले. पटले तर चिडून सोसायटीत गेला आणि कर्ज जसंच्या तसं परत करून आला. "शेअर पाहिजे त माह्या माणसाचे पाहिजे होते," तो म्हणाला म्हणे, "बाहेरचे घेऊन काय करू?"

मग माझी फजिती सुरू झाली. भाव खाली यायचं नाव घेईना. आठवड्यामागून आठवडे गेले, निळी रेष कागदाच्या वर निघाली, मला वरून दुसरा कागद चिकटवावा लागला. लाल रेष आपली खालून तेच रडगाणं गात होती. गँगवाले खिडकीशी येऊन मुद्दाम मोठ्याने विचारायचे, "ताई, आज किती?" मी आकडा सांगायची आणि खिडकी लावून घ्यायची. रिसालीला भाऊंच्या घराचा स्लॅब पडत होता, तिथे मी मुद्दाम गेले आणि म्हटलं, भाऊ, माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं. ते पाण्याचा पाईप धरून उभे होते. म्हणाले, "ताई, माह्या डोक्यावर छत आलं. आता तो भाव कोठी बी जाऊ द्या."

छत आलं, पण भाऊंचं जे गेलं ते मी त्यांच्या शेवटच्या दिवशी पाहिलं. आमच्याकडे माणूस रिटायर होतो त्या दिवशी त्याची गँग त्याला गेटपासून घरापर्यंत आणते. हार, गुलाल, कधी बँड, कधी उघडी जीप. क्वार्टरच्या दारात बायका ओवाळतात. सगळी गल्ली बाहेर येते. भाऊ त्या दिवशी साडेतीन-पावणेचारला सायकलवरून एकटेच आले. खात्याने दिलेली शाल कॅरियरला लावलेली होती. निखाडेवैनी ताट घेऊन दारात उभ्याच होत्या. आमच्या ह्यांनी पुढे होऊन घाईघाईने हार घातला. दुकानातून आम्हीच आणला होता, कोणी नाही आलं तर असू द्यावा म्हणून. भाऊ हसले, सगळ्यांना आत या म्हणाले, पोहे दिले. त्या बाईने गँगसाठी म्हणून मोठ्या पातेल्यात पोहे केले होते, ते आम्ही गल्लीतल्यांनी संपवले.

त्यानंतर काही महिन्यांनी बाजार पडला. कसा पडला ते त्या काळातल्या लोकांना सांगायला नको. खताची कंपनी इतकी खाली आली की विकायला निघालं तरी घेणारा मिळेना. गँगवाले सर्टिफिकिटं घेऊन माझ्या टेबलाशी बसायचे आणि मी नागपूरला फोन लावून लावून थकायची. सगळ्यांचं नुकसान झालं. पटलेचंही झालं, पण त्याचे स्वतःचे होते तेवढंच. भाऊंचे त्याच्याकडे असते आणि वर सोसायटीचं कर्ज असतं, तर त्याचं घरदार धुतलं गेलं असतं. मुलांचं शिक्षणही राहिलं असतं.

आणि पटले काय म्हणाला माहीत आहे? माझ्यासमोर बसून म्हणाला, "त्या दिवशी भाऊंनी मले शेअर देल्ले असते ना ताई, त मी वर गेल्यावर विकून मोकळा झालो असतो."

मी उठलेच. म्हटलं, आता ह्याला सगळं सांगते. पण भाऊंना विचारल्याशिवाय नको म्हणून थांबले आणि दुसऱ्या दिवशी रिसालीला गेले. भाऊ नव्या घराच्या ओसरीत बसले होते. मी म्हटलं, भाऊ, तो तुम्हाला चोर समजून राहिला. त्याच्यासाठी तुम्ही एवढं केलं ते त्याला कळायला नको का?

"काय सांगान तुम्ही त्याले?" भाऊ म्हणाले. "का तू बुडाला असता? अन् म्हाताऱ्यानं वाचवलं? अजून त्याची किती नौकरी बाकी आहे, ताई. रोज त्या मिलमध्ये उभं राहा लागते. आता माह्यावर राग धरून उभा राहते. मग तो स्वतःवर धरून उभा राहीन. राहू द्या. त्याले वाटू द्या का त्यानं विकले असते."

मी भांडले त्यांच्याशी. मला राग आला होता, त्यांचाच. ते ऐकून घेत राहिले आणि शेवटी वैनींना म्हणाले, ताईला चहा टाक.

मी सांगितलं नाही. आज लिहिते आहे ते एका भरवशावर, की हा अंक पटलेच्या घरी जात नाही. त्याच्या मुलांचं सगळं हिंदीत चालतं, नातवंडांना तर मराठी ऐकूनही समजत नाही.

भाऊ गेले तेव्हा पटले रिसालीला आला. निवृत्त झालेला, केस पांढरे, मुलाने स्कूटरवर आणून सोडलं. त्या घराचा उंबरा त्याने पहिल्यांदाच ओलांडला असेल. आत जाऊन भाऊंच्या पायावर डोकं ठेवलं आणि बाहेर येऊन माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसला. थोडा वेळ भिंती बघत होता. मग हळूच म्हणाला, "काही म्हणा ताई, माणूस देवासारखा होता. एक त्या दिवशीच कसा का चुकला. देल्ले असते मले, त मीनं वेळेवर विकले असते. नाही का?"

आयुष्यभर मी माणसांना कागद पसरून खरं तेच सांगितलं, आवडो न आवडो. तो माझ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत होता.

"हो रे बापा," मी म्हटलं, "तूनं विकलेच असते."